शुक्रवारी रात्री ठरलं, शनिवारी निघालो: मैत्रिणीसोबत मुंबईचे किल्ले बघायची आमची पद्धत

शुक्रवारी रात्री साडेदहाला ठमीचा मेसेज आला, "उद्या काय करतेयस?" ठमी म्हणजे माझी कॉलेजची मैत्रीण, तिचं खरं नाव वेगळंय. ती राहते डोंबिवलीला, मी बोरिवलीला. "वसईचा किल्ला बघायला जाऊ ना एकदा" हे आम्ही कॉलेज संपल्यापासून म्हणतोय, आणि मधल्या काळात दोघी मिळून गोवा तीनदा करून आलो. त्या रात्री मात्र काय झालं कुणास ठाऊक, अकरा वाजेपर्यंत ठरलं पण. पहिल्या खेपेला जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. त्यानंतर असे चार-पाच वीकेंड झाले आणि आता बऱ्यापैकी हात बसलाय. तुम्ही मुंबईत नवीन असाल, किंवा जन्म इथलाच पण मॉल सोडून काही बघितलेलं नसेल, तर हे वाचा.

१. आधी ठिकाण नाही, आधी लाईन ठरवा

सगळे हीच चूक करतात, आम्हीपण केली. रात्री बसून लिस्ट बनवायची, कान्हेरी, एलिफंटा, शिवडी, वांद्र्याचा किल्ला, बाणगंगा, सगळं एका शनिवारी. नकाशात सगळं जवळजवळ दिसतं, पण मुंबई नकाशावर चालत नाही, लोकलवर चालते. एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर जायचं म्हणजे दादर किंवा कुर्ल्याला उतरा, ब्रिज चढा, गर्दीत घुसा, अर्धा-पाऊण तास असाच गेला.

म्हणून आमचा नियम असा, एका दिवसात एकच लाईन आणि त्या लाईनवरची जास्तीत जास्त दोन ठिकाणं. वेस्टर्नवर म्हटलं तर बोरिवलीहून कान्हेरी आणि मंडपेश्वर, जोगेश्वरीची लेणी, पुढे वसई आणि नालासोपारा. सेंट्रलवर शीव म्हणजे सायन, आणि खाली सीएसएमटी. हार्बरवर शिवडी. तिसरं ठिकाण मनात आलं की ते पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा. उन्हात दुपारी तीन वाजता तिसऱ्या किल्ल्याच्या पायऱ्या चढताना चांगली मैत्रीसुद्धा तुटायला येते, हे अनुभवाने सांगतेय.

२. रविवारचा ब्लॉक आणि सोमवारची सुट्टी

रविवारी सेंट्रल आणि हार्बरवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दिवसा काही तास ठरावीक पट्ट्यात गाड्या बंद किंवा फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर. वेस्टर्नवरपण ब्लॉक असतो, त्याला जंबो ब्लॉक म्हणतात. कुठे आहे ते शनिवारच्या पेपरात आणि बातम्यांत येतं, दोन मिनिटं लागतात, बघूनच निघा. यातून साधं गणित निघतं, सेंट्रल-हार्बरची ठिकाणं शनिवारी करा, वेस्टर्नची रविवारी. बाहेरून आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि तो रविवारी दुपारी कुर्ल्याला इंडिकेटरकडे बघत उभा राहतो.

दुसरं म्हणजे सोमवार. एलिफंटा म्हणजे आपली घारापुरी सोमवारी बंद असते आणि बोरिवलीचं नॅशनल पार्कसुद्धा, त्यामुळे पार्कातली कान्हेरीपण. शनिवार-रविवारवाल्यांना काय फरक पडतो असं वाटेल, पण जोडून सुट्टी आली की लोक बरोब्बर सोमवारच ठेवतात "कारण गर्दी कमी असेल". आम्ही तेच केलं. गेटवेपर्यंत गेलो, मग कळलं. शेवटी समुद्राकडे बघत भेळ खाल्ली आणि घरी आलो. तसंही घारापुरी आयत्या वेळेच्या प्लॅनमध्ये घालू नका असंच माझं मत. लाँचला एका बाजूचा तासभर, वर पायऱ्या, परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ सांभाळायची, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. त्रिमूर्ती बघण्यासारखी आहेच, त्यात वाद नाही, पण तिला पूर्ण दिवस द्या.

३. सोबत काय घ्यायचं

शुक्रवारी रात्रीच बॅग भरा, सकाळी भरली तर निम्मं राहतं.

– कुठलंही एक ओळखपत्र, आधार किंवा लायसन्स.
– सुट्टे पैसे. शंभर, पन्नास, दहाच्या नोटा. फोनवरून पैसे सगळीकडे जातात, पण किल्ल्याच्या तटाखाली रेंज गेली आणि समोर शहाळंवाला उभा असला की कळतं.
– प्रत्येकी दोन लिटर पाणी. किल्ल्यांवर विकत मिळेल या भरवशावर राहू नका.
– टोपी किंवा ओढणी, आणि बूट. चप्पल नाही, सँडल नाही, शेवाळलेल्या पायऱ्या असतात.
– छोटी टॉर्च. मोबाईलचा लाईट चालतो, पण मग फोटो काढायला बॅटरी उरत नाही.
– पॉवर बँक, आणि दोघींत एकच पुरते.
– खाऊ बंद डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, का ते पुढे कान्हेरीत सांगते.

तिकिटाचं म्हणाल तर लोकलचं रिटर्न मोबाईलवरच काढून ठेवा. खूप ठिकाणी चढउतार करणार असाल तर लोकलचं एक दिवसाचं टूरिस्ट तिकीटही मिळतं, खिडकीवर मागितलं तरच देतात, आपणहून कोणी सांगत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ज्या जागांना तिकीट आहे तिथे गेटवर क्यूआर कोड लावलेला असतो, स्कॅन करून भरता येतं, रांग वाचते. कान्हेरीला भारतीयांना २५ रुपये, घारापुरीला ४०, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. साधा कॅमेरा चालतो, ट्रायपॉड आणि ड्रोन मात्र परवानगीशिवाय नाही.

४. भेटायचं कुठे

"दादरला भेटू" हे वाक्य बोलायचं नाही. दादरला पूल किती, फलाट किती, पूर्व वेगळी, पश्चिम वेगळी. आम्ही एकदा पंचवीस मिनिटं एकमेकींना "मी ब्रिजवरच आहे" सांगत होतो आणि दोघी खरंच ब्रिजवर होतो, वेगवेगळ्या. आता आम्ही ज्या ठिकाणी उतरायचं त्याच स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटतो. एकत्र प्रवास करायची हौस असेल तर डब्यापर्यंत ठरवा, "चर्चगेटच्या बाजूचा पहिला लेडीज" असं.

आणि रिक्षाबद्दल, नवीन माणसासाठी. वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेला रिक्षा जात नाही, तिथून काळीपिवळी किंवा बेस्टची बस.

५. शनिवार: शीव आणि शिवडी

शीव स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की पाच-दहा मिनिटांत टेकडीचा पायथा येतो. खाली बाग आहे, पुरातत्त्व खात्याचं ऑफिस आहे, आणि वर किल्ला. किल्ला म्हणून जाल तर हिरमोड होईल, पडक्या भिंती, एक-दोन खोल्या, एखादी तोफ, आणि जिकडेतिकडे कॉलेजची जोडपी. त्यांना त्यांच्या जागी राहू द्या, तुम्ही वर जाऊन उत्तरेकडे बघा. बघायचं ते तिथेच आहे.

१६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली, आणि त्यानंतर जेराल्ड अंजियर गव्हर्नर असताना हा किल्ला उभा राहिला. कारण मुंबई इथे संपायची. खाडीपलीकडचं साष्टी बेट पोर्तुगीजांचं होतं. आज जिथे सायनचा हायवे आणि धारावी दिसते तिथे दलदल आणि पाणी होतं, आणि या टेकडीवरून कंपनीचे शिपाई शेजाऱ्यावर नजर ठेवायचे. जवळच धारावीत काळा किल्ला आहे, त्याच्या नावाचा बस डेपोसुद्धा आहे, रोज हजारो लोक "काळा किल्ला" म्हणून तिकीट काढतात आणि किल्ला कोणी बघितलेला नसतो. त्याच्या भिंतीतल्या दगडावर १७३७ साल कोरलंय. १७३७ म्हणजे मराठ्यांनी ठाणं घेतलं तेच वर्ष. हे साल डोक्यात ठेवा, उद्या वसईला लागेल.

एका लाईनचा आमचा नियम फक्त इथे मोडतो, पण शीवहून शिवडीला ट्रेनने जायचा नाद करू नका, लाईन बदलावी लागते. टॅक्सी करा, दोघीत परवडते. शिवडीचा किल्ला १६८० चा, शीवपेक्षा बराच धड आहे, दरवाजा शाबूत, तटावरून फिरता येतं. १६८९ ला जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो इथेच उतरला होता. वरून एका बाजूला बंदर, समोर खाडीपार तुर्भ्याची म्हणजे ट्रॉम्बेची रिफायनरी, आणि अटल सेतूची सुरुवात अगदी इथूनच होते ती दिसते. हिवाळ्यापासून मेपर्यंत गेलात आणि ओहोटीची वेळ जमली तर जेट्टीवर फ्लेमिंगोही मिळतील. भरतीला गेलात तर नुसतं पाणी बघून या. भरती-ओहोटीची वेळ आधी बघा.

दुपारी एकच्या आत दोन्ही उरकतं. मग जेवा आणि घरी जाऊन झोपा, उद्याचा दिवस मोठा आहे.

६. रविवार: वसई

सकाळी साडेसात-आठला वसई रोड स्टेशन. विरार लोकल पकडा, उलट्या दिशेने असल्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. ठमीसारखे सेंट्रलवाले असाल तर दिवा-वसई मार्गाची मेमू आहे, पण गाड्या मोजक्याच, एक चुकली तर पुढचीची वाट बघत बसण्यापेक्षा दादरवरून फिरून या. वसईला पश्चिमेला बाहेर पडा, वसईगावाकडे जाणारी बस किंवा शेअर रिक्षा घ्या आणि "किल्ला" सांगा. स्टेशनजवळ कुठेतरी असेल असं समजून चालत निघू नका, बराच लांब आहे. तिकीट नाही.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. हा डोंगरावरचा किल्ला नाही, हे तटबंदीच्या आत वसलेलं अख्खं शहर आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, सोबत मुंबईची बेटंसुद्धा, आणि मग दोनशे वर्षं त्यांचं उत्तरेकडचं सगळं राज्य इथून चालायचं. मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालचं एक किरकोळ बेट होतं. आता वसईवाले मुंबईला अपडाऊन करतात, असो.

आत शिरल्यावर रस्ता सरळ दिसतो आणि लोक त्या रस्त्याने चालत समुद्राकडच्या दरवाजापर्यंत जाऊन परत फिरतात. तसं करू नका. खरी मजा डाव्या-उजव्या झाडीत आहे. चर्चेस आहेत, छत कुठेच नाही, कमानी तेवढ्या उभ्या, त्यातून वडाची मुळं खाली आलेली. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये खाली बघत चाला, पायाखाली थडग्यांचे दगड आहेत, त्यावर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास त्यावर उभं राहून सेल्फी काढत होतो आणि मग ठमीने खाली बघितलं. सेंट जोसेफच्या बुरुजात गोल जिना आहे, वर जाता येत असेल तर टॉर्च लावून एकेक करून जा, आत मिट्ट काळोख आणि वटवाघळं. भारतात जन्मलेले पहिले ख्रिस्ती संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे, १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं गेलं.

आता कालचं १७३७ आठवा. ठाणं पडल्यावर साष्टी गेली आणि वसई एकटी पडली. १७३९ ला चिमाजी आप्पा, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, स्वतः वेढ्यावर आले. समुद्राच्या बाजूने दलदल, जमिनीच्या बाजूने भक्कम बुरूज. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणून बुरूज उडवले, माणसं भरपूर पडली, आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती दिली. त्यांना बायकापोरांसह सामान घेऊन जाऊ दिलं. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला टांगलेल्या त्या घंटा अशाच आल्यात. नारोशंकराची घंटा गोदावरीच्या काठी शेकडो लोक बघतात, तिच्यावर १७२१ साल आहे, ती कुठून आली हे विचारणारे कमी. आणि शीवच्या टेकडीवरच्या इंग्रजांना आता शेजारी म्हणून मराठे मिळाले. म्हणूनच मी शनिवारी शीव आणि रविवारी वसई असा क्रम सांगतेय, उलटं केलं तर दोन वेगवेगळे पडके किल्ले बघितल्यासारखं होतं.

पण याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज स्वतःच्या खर्चाने पोसायचं कबूल केलं. चिमाजी आप्पांचा पुतळा आत आहे, या तहाची साधी पाटी निदान आम्हाला तरी दिसली नाही.

वसईत कशात फसाल ते सांगते. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर गवत कमरेएवढं असतं, साप असतात, पायवाट सोडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत प्रीवेडिंगवाल्यांची रांग असते, प्रत्येक कमानीत एक जोडपं आणि त्यांच्यामागे फोटोग्राफर, सकाळी लवकर गेलात तर वाचाल. दोघीच असाल तर संध्याकाळी पाचनंतर आतल्या बाजूला थांबू नका, ओसाड होतं. आणि दुपारी बाराच्या आत मोठ्या भिंती उरका, नंतर दगड तापतात.

बाहेर किल्लाबंदर, पाचूबंदर, कोळ्यांची वस्ती. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, त्या वासाची सवय नसेल तर नाकाला रुमाल लावा पण तोंड वाकडं करू नका, लोकांच्या अंगणातून जाताय. वसईगावात सुकेळी मिळाली तर घ्या, राजेळी केळी वाळवून करतात, पानात गुंडाळलेली असतात. आम्ही घरच्यांसाठी घेतलेली वसई रोड येईपर्यंत संपवली.

७. अंगात जोर उरला असेल तर सोपारा

वसईच्या पुढचंच स्टेशन नालासोपारा. नाव ऐकून लोक हसतात, पण हे जुनं शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं मोठं बंदर. पश्चिमेला रिक्षावाल्याला "बौद्ध स्तूप" सांगा. गावात त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे, नुसता मातीचा उंचवटा होता. १८८२ ला पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तर आत विटांची खोली आणि दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. आता जागेवर विटांचा ढिगारा, झाडं आणि शांतता एवढंच आहे. अर्धा तास पुरे. जाणाऱ्याने अपेक्षा बेताची ठेवावी.

अशोकाचा तो दगड बघायचा असेल तर तो फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढच्या एखाद्या रविवारी चर्चगेटला किंवा मेट्रोने हुतात्मा चौकला उतरा, रस्ते रिकामे असतात, फूटपाथवर निवांत मान वर करून इमारती बघता येतात, जे कामाच्या दिवशी केलं तर मागचा माणूस धडकतो.

८. किल्ले नकोच असतील तर कान्हेरी

हा रविवारचा दुसरा पर्याय. बोरिवली पूर्वेला पार्कचं गेट. इथे गोंधळ असा की तिकिटं दोन, एक पार्कचं गेटवर आणि दुसरं लेण्यांचं वर. गेटपासून लेणी पाच-सहा किलोमीटर, पार्कची बस असते, सायकलही भाड्याने मिळते, पण शेवटचा चढ सायकलवर जीव काढतो.

शंभरावर लेणी आहेत. सगळी बघायची नाहीत. तीन नंबरचं चैत्यगृह बघा, व्हरांड्यात दोन्ही टोकांना प्रचंड बुद्ध उभे आहेत. मग वर चढत जा आणि पाण्याच्या पोढ्या म्हणजे टाकी बघा, कातळात पन्हाळी खोदून पावसाचा थेंबन् थेंब टाक्यात नेलाय. आणि नव्वद नंबरच्या लेण्यात हजार वर्षांपूर्वी आलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत, १००९ आणि १०२१ सालची. म्हणजे "आम्ही इथे आलो होतो" लिहायची खाज जुनीच. तुम्ही मात्र लिहू नका, संरक्षित वास्तू खराब केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि माकडं. प्लास्टिकची पिशवी दिसली की त्यांना कळतं आत खाणं आहे. ठमीच्या हातातून ठेपल्यांचं पाकीट गेलं, आणि तिने ते परत ओढायचा प्रयत्न केला, ते करू नका. सोडून द्या.

९. परतताना

नालासोपारा किंवा वसईहून पाचच्या आत निघा, रविवारी संध्याकाळी बाहेर गेलेली सगळी मुंबई परत यायला लागते. चर्चगेटकडे जाणारी गाडी घ्या, वसईहून सुटणारी, किंवा बोरिवलीला उतरून तिथून सुटणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं, बसायला मिळतं. गाडीत बसल्या बसल्या हिशेब मिटवा, रिक्षा कोणी दिली, शहाळं कोणी दिलं, घरी गेल्यावर कोणी करत नाही. माझे ठमीकडून अजून एकशे ऐंशी रुपये यायचेत.